काकूचं रेशीमदूध कोणी नासवलं?

१. फळीवरचा खून

सोमवारी सकाळी कारखान्याच्या मागच्या खोलीत जे दिसलं, त्याला भिंगरीनं तिथल्या तिथे ‘खून’ असं नाव देऊन टाकलं. मेलं कोणीच नव्हतं. खिडकीजवळच्या फळीवर एक काचेची बाटली होती, ती होती तिथेच होती, तडासुद्धा गेला नव्हता. पण आतलं दूध गेलं होतं. वर तेलाचा नितळ थर, खाली गढूळ पाणी, आणि दोघांच्या मध्ये पिंजलेल्या कापसासारख्या पांढऱ्या गुठळ्या अधांतरी लोंबत होत्या.

शनिवारी संध्याकाळपर्यंत ती बाटली पांढरीशुभ्र होती. भिंगरी दुसरीत होती तेव्हापासून ती तशीच होती. आता भिंगरी दहावीत होती.

कारखान्याचे मालक, म्हणजे भिंगरीचे काका, बाटलीसमोर उभे होते, कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखे. त्यांच्या मागे टाकीवाले मामा, हातातलं फडकं पिळत. दारात दादा, म्हणजे काकांचा मुलगा, रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकताच कारखान्यात रुजू झालेला. आणि सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत आत आलेली आत्या, काकांची थोरली बहीण, पॅकिंगच्या टेबलाची महाराणी. ती बाटली बघून काही म्हणाली नाही. आत्या काही म्हणत नाही हे इतकं दुर्मीळ होतं, की भिंगरीनं तेही मनात टिपून ठेवलं.

बाटलीतलं रेशीमदूध काकूच्या हातचं होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारखाना अजून तिच्याच हुकमानं चालल्यासारखा चालायचा. केसांना लावायचं हे दूध तिनं शोधलं. सिलिकॉन तेलानं केस मऊ सुटतात, रेशमाच्या प्रोटीननं त्यांना बळ येतं, मग दोन्ही एकाच बाटलीत का नकोत, एवढाच तिचा हट्ट. अडचण ही की तेल पाण्यात राहत नाही, आणि प्रोटीन घातलं की जमलेलं इमल्शन, म्हणजे तेलपाण्याचं मिश्रणही रुसून बसतं. “तेल आणि पाणी म्हणजे बोलणं टाकलेले नातेवाईक,” काकू सांगायची. “एका खोलीत बसवायचे तर मध्यस्थ हवा. आणि मध्यस्थ असा हवा, की प्रोटीनशीही त्याचं पटलं पाहिजे.”

तो मध्यस्थ शोधता शोधता तिनं घरातली सगळी पातेली चिकट करून ठेवली होती. भिंगरीला ते दिवस आठवत होते. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून ती बघायची: रेशमाचं पाणी घुसळलं की फेसाचा डोंगर उभा राहायचा, आणि काकू त्यात तेलाची धार सोडायची. धार आत गेली की सगळा फेस एकदम खाली बसायचा. “बघ, गप्प झाला,” काकू म्हणायची आणि भिंगरी टाळ्या वाजवायची. जगात याहून मोठी जादू नाही अशी तेव्हा तिची खात्री होती.

फळीवरची बाटली म्हणजे काकूनं स्वतः केलेल्या शेवटच्या घाण्यातली. दुधाच्या पातळीला तिनं काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती आणि म्हणाली होती, बघू किती वर्षं टिकतं ते.

आणि नेमकी उद्या ती बाटली हवी होती. मोठ्या दुकानांच्या साखळीसाठी माल निवडणारी एक खरेदीदार बाई उद्या दुपारी येणार होती. काका शनिवारी सबंध दिवस त्या बाईंच्या कचेरीत बसून आले होते. प्रोटीन घातलेलं असलं दूध वर्ष-दोन वर्षांत फाटतं असा बाईंचा अनुभव. तुमचं टिकतं कशावरून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा काकांनी छाती फुगवून या बाटलीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, दाखवा. मी ती तपासायला घेऊन जाईन. पटलं तर वर्षभराचं काम तुमचं. दुसरं गिऱ्हाईक उरलेलं नव्हतं. बाईंना पटलं नाही तर महिनाअखेर कारखान्याला कुलूप, हे काकांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं.

“किल्ल्या शोधून ठेवा,” काका आता म्हणाले आणि बाहेर गेले.

सगळे पांगले. भिंगरी मात्र बाटलीशी नाक लावून उभी राहिली. तेलाचा वरचा काठ काकूच्या लाल रेघेला अगदी टेकलेला होता, केसभरही खाली नाही. यात काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं. काय चुकतंय ते मात्र काही केल्या सापडेना.

२. मामांचा कबुलीजबाब

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उत्तर येत असूनही भिंगरीचा हात वर जायचा नाही. यंदा वादविवाद स्पर्धेत तिला कोणीतरी ढकलून उभं केलं, ती पहिली आली, आणि तेव्हापासून तिला थांबवणं अवघड होऊन बसलं होतं. शाळेला परीक्षेच्या अभ्यासासाठी सुट्टी होती. अभ्यासाचं तिचं ती बघून घेणार होती. आधी खुनी.

पहिले गाठले मामांना. हे कोणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचे होते. टाकीचं काम त्यांना काकूनं शिकवलं होतं आणि तिची रीत त्यांनी कधी मोडली नाही. रेशमाचं पाणी टाकीत सगळ्यात शेवटी जायचं, टाकी निवल्यावर. निवली हे ओळखायचं कसं, तर एक गाणं गुणगुणून होईपर्यंत टाकीच्या अंगाला तळहात टेकवता आला पाहिजे. आधीच हात काढावा लागला तर प्रोटीन शिजणार. दादानं आणलेला थर्मामीटर टाकीला लटकलेला असायचा, पण मामा त्याच्याकडे पाहुणा म्हणून बघायचे. गाणं तेच जुनं, तेही बेसूर.

भिंगरीनं विचारायचा अवकाश, मामांचा बांध फुटला. शनिवारी सकाळी त्यांनी फळी पुसायला घेतली, बाटली उचलून बॉयलरच्या झाकणावर ठेवली, आणि परत ठेवायची विसरले. आठवलं तेव्हा पुसटसा अंधार पडायला लागला होता. बाटली कढत झाली होती.

“मीच मारलं गं वहिनींचं दूध,” ते म्हणाले. “मालकांना काय तोंड दाखवू?”

भिंगरीला भरून आलं, पण ती रडणारी गुप्तहेर नव्हती. तिनं विचार केला. शनिवारी संध्याकाळी बाटली परत ठेवली तेव्हा दूध पांढरं होतं ना? होतं, मामा म्हणाले, डोळ्यांनी बघितलं. मग गोदामातून तिनं जुन्या घाण्याची एक न विकलेली बाटली आणली, बॉयलरच्या त्याच झाकणावर ठेवली आणि मामांना बजावलं की हिला संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तोवर मामांनी स्वतःला फाशी देऊ नये, असंही सांगितलं. मामा ओल्या डोळ्यांनी हसले.

नंतर दादा. दादाचं टेबल चकचकीत, बाटल्यांवर बारीक अक्षरात चिठ्ठ्या. प्रोटीन म्हणजे जंतूंना दिलेली मेजवानी, ते काढून टाका आणि सुखानं झोपा, हे तो आल्या दिवसापासून घोकत होता. त्याच्यावर संशय घ्यायला भिंगरीला मनापासून आवडलं असतं. पण तिनं विचारलं त्या सगळ्या तपासण्या त्यानं निमूट केल्या. फाटलेल्या दुधात कागदाची पट्टी बुडवली: आंबट झालेलं नाही. वास घेतला: कुजलेलं नाही. म्हणजे जंतूंनी खाल्लं नाही, आणि दह्यासारखं आंबून फुटलं असंही नाही.

“वय झालं त्याचं. सोड ना भिंगरे,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिनं शनिवारच्या नव्या घाण्यातलं थोडं दूध तुलनेसाठी मागितलं, तर तो एकदम उभा राहिला. कशाला हवंय? त्याचा इथे काय संबंध? आणि नमुन्यांचं कपाट त्यानं चक्क बंद करून टाकलं.

३. आत्याची पेन्सिल

पॅकिंगच्या टेबलाशी आत्या बाटल्यांना लेबलं लावत होती. म्हणजे लावलेली काढून पुन्हा लावत होती. शनिवारच्या घाण्याच्या पहिल्या खोक्याला तिनं त्याच संध्याकाळी लावलेली सगळी लेबलं कोपऱ्यातून उचकटली होती. “डिंकवाल्याला धरून आपटला पाहिजे,” ती पुटपुटली. या टेबलाचा नियम कडक होता. दुधाचा हात लागलेल्या माणसानं लेबलाला शिवायचं नाही, कारण सिलिकॉन एकदा बोटाला लागलं की साबणानंही लवकर सुटत नाही, आणि त्यावर डिंक धरत नाही. तो नियम आत्यानंच केला होता आणि तो मोडल्याबद्दल तिनं भल्याभल्यांना रडवलं होतं.

भिंगरीनं विचारलं, तुला कोणावर संशय आहे का? आत्यानं अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून तिच्यावर रोखली. कसला संशय? फाटलं, संपलं. त्या बाटलीचं एवढं कौतुक कशाला हवं होतं? मी कधीच म्हटलं होतं, फेकून द्या. तुझ्या काकूचं आणि माझं कधी पटलं नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी तिला म्हणायची, भांड्यांची वाट लावतेस. ती मला म्हणायची, वन्सं, तुमच्या केसांची वाट लागलीय ती बघा आधी.

“मग तू लावायचीस का तिचं दूध?”

“मी? असलं बाटलीतलं मी डोक्याला लावत नाही. साधं तेल. आयुष्यभर.”

तिनं पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली. पेन्सिल सुळकन निसटली आणि फरशीवर पडली. आत्यानं वाकून उचलली, खोचली, ती परत पडली. भिंगरीनं उचलून दिली. कारखाना बंद झाला तर काय करणार, असं तिनं विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली लेकीकडे जाईन, नातवंडं आहेत, मला काय. हे तिनं इतक्या घाईनं सांगितलं, की जणू कोणी न विचारताही तिला ते सांगायचं होतं.

संध्याकाळी भिंगरी बॉयलरपाशी धावली. मामा तिथेच स्टुलावर बसले होते, बाटलीकडे टक लावून, देवळात बसल्यासारखे. बाटली हाताला कढत लागत होती. आतलं दूध पांढरंशुभ्र होतं, एक कण फुटला नव्हता.

“तुम्ही सुटलात मामा,” भिंगरी म्हणाली. “उष्णतेनं नाही गेलं.”

आणि ती बाटली उजेडात धरल्यावर सकाळपासून डोक्यात टोचत असलेला काटा तिला एकदम सापडला.

४. लाल रेघ

गोदामातली ती बाटली जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. पण तिच्यातलं दूध गळ्यापासून चांगलं बोटभर खाली गेलं होतं. भिंगरीनं शेजारच्या बाटल्या बघितल्या. जितकी जुनी बाटली, तितकी पातळी खाली. झाकण कितीही घट्ट लावा, पाणी हळूहळू उडतंच.

मग काकूची बाटली? सगळ्यात जुनी तीच. तिच्यात तर बोटभर नाही, दोन बोटं कमी व्हायला हवं होतं. पण तेल लाल रेघेला टेकलेलं होतं. इतकी वर्षं सगळे येता-जाता बघत होते आणि म्हणत होते, बघा, काकूचं दूध जराही हललं नाही. पाणी उडूनही ते कमी का होत नाही, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. भिंगरीलासुद्धा नाही.

बाटली फाटली परवा. पण तिच्यात कोणीतरी वर्षानुवर्षं भर घालत होतं.

हे कळल्यावर ती दादाकडे गेली ती दार न वाजवताच. नव्या घाण्याचं दूध दे, नाहीतर मी काकांना बोलावते, असं तिनं सांगितलं. वादविवादात समोरच्याला कोपऱ्यात गाठायचं ते ती आता चांगलं शिकली होती. दादानं कपाट उघडलं. तिनं दोन पेले घेतले. पहिल्यात एका जुन्या घाण्याचं दूध आणि दुसऱ्या जुन्या घाण्याचं दूध मिसळलं, ढवळलं. काही नाही, पांढऱ्यात पांढरं. दुसऱ्या पेल्यात जुनं दूध घेतलं आणि त्यात शनिवारचं नवं ओतलं.

चमचा फिरता फिरता जड झाला. पेल्यात पांढऱ्या गुठळ्या उठल्या, कडेनं पाणी सुटलं, आणि वर तेलाचे नितळ डोळे तरंगायला लागले.

“तू काकूची कृती बदललीस,” भिंगरी म्हणाली.

दादा खुर्चीत बसला तो उठेचना. बदलली, तो म्हणाला. आईच्या मध्यस्थावर ऋण भार असतो. तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती तो बसतो, सगळ्या थेंबांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि एकत्र येऊ शकत नाहीत. रेशमाचं प्रोटीनही ऋण भाराचं, त्यामुळे तेही भांडत नाही. पण केसांवरही ऋण भारच असतो, म्हणून दूध केसाला म्हणावं तसं चिकटत नाही. दादानं धन भाराचा मध्यस्थ आणला, आणि प्रोटीन काढायला बाबा तयार होणार नाहीत म्हणून त्याला चालेल असं धन भाराचं प्रोटीनही. नवं दूध आपल्या जागी पक्कं होतं, त्यानं कॉलेजात असल्यापासून महिनोन्‌महिने तपासलं होतं. पण दोन्ही दुधं एकत्र आली तर? ढकलणारे थेंब एकमेकांना मिठी मारणार, आणि मिठीत तेल तेलाला मिळून वर येणार.

“बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी हातच लावू दिला नसता,” तो म्हणाला. “मला वाटलं, बाईंना आवडलं की मग सांगू.”

“म्हणून तिची बाटली संपवलीस?”

हे भिंगरी म्हणाली नव्हती. दारात काका उभे होते.

५. ज्याला ठाऊक नव्हतं तो

दादानं शपथा घेतल्या. काकांनी त्या ऐकल्याही नाहीत. त्यांचा आवाज चढला नाही, हेच सगळ्यात वाईट होतं. तू तिचाच ना रे, एवढंच ते म्हणाले, आणि दादाचा चेहरा असा झाला की भिंगरीला बघवेना. आवाज ऐकून मामा आले, आत्या आली.

आता बोलायची वेळ होती.  भिंगरी काका आणि दादाच्या मधे जाऊन उभी राहिली.

दादानं केलेलं नाही, ती म्हणाली. बाटलीत भर पडतेय ती कितीतरी वर्षं, आणि त्यातली बहुतेक वर्षं दादा शिकायला बाहेर होता. शिवाय ज्याला नासवायचं असतं तो दूध मोजून रेघेपर्यंत आणून ठेवत नाही. ज्यानं परवा ओतलं त्याला बाटली जपायची होती. म्हणजेच त्याला माहीत नव्हतं, की शनिवारचा घाणा निराळा आहे. दादाला माहीत होतं. मामांनाही माहीत होतं, कारण नवा मध्यस्थ टाकीत त्यांनीच रिकामा केला होता. मामांनी मान खाली घातली. छोट्या मालकांनी गप्प राहायला सांगितलं होतं, ते म्हणाले.

राहिले दोघं. काका शनिवारी दिवसभर बाईंच्या कचेरीत होते, परतले ते रात्री उशिरा. नवा घाणा भरून खोक्यांत बंद झाला तेव्हा ते इथे नव्हतेच. “आणि शिवाय,” भिंगरी काकांच्या तुळतुळीत टकलाकडे बघत म्हणाली, “काका केसांचं दूध चोरून करणार काय?”

कोणी हसलं नाही. मामांच्या मिशीखाली तेवढं काहीतरी हललं.

“लेबलं उचकटली ती डिंकानं नाही. लावणाराच्या बोटांना सिलिकॉन होतं. आणि साधं तेल लावलेल्या केसांत पेन्सिल अडकून बसते, निसटत नाही. आत्या, तू आज ती किती वेळा उचललीस?”

आत्यानं हात वर नेला आणि मधेच थांबवला. मग ती पॅकिंगच्या टेबलावरच बसली, ज्यावर बसायला तिनं सगळ्यांना बंदी केली होती.

ती बोलली ते तुकड्यातुकड्यानं. दर रविवारी दुपारी काकू तिचे केस विंचरून द्यायची, रेशीमदूध लावून, न्हाणीच्या आतल्या पायरीवर. कोणाला दिसू नये म्हणून दार लोटून घ्यायच्या दोघी. बाहेर भांडायचं आणि आत विंचरायचं, असा ठरलेलाच क्रम होता. काकू गेल्यावर आत्यानं एका रविवारी त्या बाटलीतले दोन थेंब घेतले. मग पुढल्या रविवारी. पातळी रेघेखाली जायला लागली तशी तिनं प्रत्येक नव्या घाण्यातलं थोडं थोडं आत घालायला सुरुवात केली. परवा मात्र थेंबांवर भागलं नाही. बाई बाटली घेऊन जाणार हे शनिवारी संध्याकाळी काकांच्या फोनवरून कळल्यावर तिनं वाटीभर काढून घेतलं, स्वतःपुरतं, आणि बाटली शनिवारच्या घाण्यानं भरली.

“मी म्हटलं, नेतील ते तिचंच नेतील, पण सगळं नको नेऊ देत,” आत्या म्हणाली. “मला काय माहीत यानं काय कालवून ठेवलंय ते.”

 आत्या शिव्या खायला तयार होऊन बसली होती, तशी कधीच बसत नसे.

“पायरीवर?” काका म्हणाले. “मला वाटायचं तुम्ही आत भांडताय. मी मुद्दाम रेडिओ मोठा करायचो.”

६. खरेदीदार बाई

गुन्हा उकलला, आणि भिंगरीच्या लक्षात आलं की उकलून पंचाईत वाढली आहे. बाटली वयानं फाटली असती तरी तितकी वर्षं टिकली असं म्हणता आलं असतं. आता तेही नाही. ती कधी एका घाण्याची राहिलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं चाचरत सुचवलं की बाटली धुवून जुन्या दुधानं भरली तर कोणाला कळणार आहे? आईचीच कृती असेल. काकांनी उत्तर देण्याआधी आत्याच म्हणाली, की भरायचं काम मी पुष्कळ केलं, आता पुरे. बाईंना मी सांगते.

बाई आल्या. उंच, कामाचं तेवढंच बोलणाऱ्या, चहाला नको म्हणणाऱ्या. फाटलेली बाटली त्यांनी उचलून बघितली आणि काकांकडे बघितलं. आत्यानं सगळं सांगितलं, रविवारसुद्धा. दादानं आपला भाग सांगितला.  शेवटी त्यांनी बाटली खाली ठेवली आणि पर्सचा बंद खांद्यावर घेतला.

“तुम्ही खरं सांगितलंत, बरं वाटलं,” त्या म्हणाल्या. “पण मग या बाटलीवरून काहीच सिद्ध होत नाही.”

काकांनी मान डोलावली. भिंगरीनं वर्गातल्यासारखा हात वर केला. आणि कोणी विचारायची वाट न बघता ती म्हणाली, “होतं सिद्ध. वेगळं होतं.”

बाई थांबल्या.

भिंगरीनं भराभर बोलायला सुरुवात केली, मग स्वतःला आवरून सावकाश. काकू गेल्यापासून इथे जितके घाणे झाले, त्या प्रत्येकातलं थोडं या बाटलीत गेलं आहे. त्यातला एक जरी निराळा असता, मध्यस्थ कमी पडला असता, प्रोटीन शिजलं असतं, पाणी बदललं असतं, तर बाटलीनं ते तेव्हाच सांगितलं असतं. कसं सांगते ते काल दिसलंच. एकच घाणा निराळा होता आणि एका रात्रीत तिनं तो पकडला. त्याआधीचा प्रत्येक घाणा तिनं मुकाट्यानं आपल्यात घेतला.

“तुम्हाला एक दूध किती वर्षं टिकतं ते बघायचं होतं,” भिंगरी म्हणाली. “मामांचे इतक्या वर्षांचे सगळे घाणे एकसारखे आहेत, ते ही बाटली दाखवते.”

 बाईंनी दादाला विचारलं, हिचं म्हणणं पटतं का तुम्हाला? दादानं प्रामाणिकपणे सांगितलं की बारीकसारीक फरक बाटलीला कळला नसता, पण मोठी चूक नक्की कळली असती. बाईंनी मामांना विचारलं, टाकी निवली हे कसं ओळखता? मामा लाजले. मग निवत असलेल्या टाकीला तळहात टेकवून त्यांनी गाणं गुणगुणून दाखवलं, अख्खं, शेवटच्या बेसूर ओळीपर्यंत. बाई थर्मामीटरकडे बघत उभ्या होत्या. गाणं संपलं तेव्हा पारा बरोबर दादानं केलेल्या खुणेवर होता, आणि त्यांनी पर्स खाली ठेवली.

छोटे कारखाने बुडतात ते दूध फाटतं म्हणून नाही, त्या म्हणाल्या. पहिला माल एक आणि दहावा माल दुसराच निघतो म्हणून. त्यांनी वर्षाचं काम दिलं नाही. एका हंगामाचं दिलं, जुन्या कृतीचं, आणि अट घातली की दादाचं नवं दूध करायचं तर वेगळ्या टाकीत. जाता जाता त्यांनी चहा मागितला.

काकांनी किल्ल्या पुन्हा खिळ्याला अडकवल्या. मामा गोदामाच्या मागे जाऊन नाक शिंकरून आले. दादानं सगळ्यांसमोर आत्याची माफी मागितली, आणि आत्यानं त्याला टेबल पुसायला लावलं.

भिंगरी मात्र एका कोपऱ्यात गप्प उभी होती. तिच्या डोक्यात हिशेब पुढे चालूच राहिला होता. दर रविवारी थोडं बाहेर, दर घाण्याला थोडं आत. म्हणजे काकूच्या हातचं असं त्या बाटलीत केव्हाच काही उरलेलं नव्हतं. आत्या ज्याचा वास घेऊन डोळे मिटायची ते मामांचं दूध होतं. हे आत्याला सांगायचं की नाही?

“तोंड का पाडलंयस?” आत्यानं विचारलं. “बाटलीत तिचं काही राहिलं नव्हतं म्हणून? मला कळत नाही होय? मी काय शाळेत गेले नाही?”

तिनं भिंगरीच्या हातात कंगवा दिला, जुन्या घाण्याची एक बाटली दिली, आणि मागच्या दारापाशी स्टूल ओढून पाठ करून बसली. दार लोटलं नाही. अंबाडा सुटला तसे करडे केस पाठभर पसरले. भिंगरीनं तळहातावर दूध घेतलं, बोटांनी केसांत चोळलं आणि वरून खाली कंगवा फिरवायला सुरुवात केली. एका गाठीशी तो अडला.

“हळू,” आत्या म्हणाली. “तुझी काकू फार ओढायची. डोळ्यांत पाणी यायचं माझ्या.”

“मग सांगायचंस ना तिला.”

आत्यानं मान आणखी मागे टेकवली. पलीकडे मामांनी पुढच्या घाण्यासाठी टाकी सुरू केली होती.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर सोडून दिलं असतं तिनं.”